सातचा टॅग काढ

१

रेडिओ पडला तेव्हा टॅग हिरवा होता.

रेडिओ म्हणजे आमच्या साइटवरचा प्लास्टरचा गवंडी. हातात थापी आली की त्याच्या तोंडी गाणं सुरू व्हायचं आणि ते सुट्टीच्या भोंग्यापर्यंत थांबायचं नाही, म्हणून हे नाव. बुधवारी सकाळी साडेआठला इमारतीच्या मागच्या अंगाने गाणं ऐकू येत होतं. मग लोखंडाचा मोठा आवाज आला आणि गाणं थांबलं. मी पोचलो तेव्हा वीसेक माणसं गोल करून उभी होती. तिसऱ्या मजल्यावरून पडलेल्या माणसाचं काय झालं हे कोणाला विचारावं लागत नाही.

मी आधी त्याच्याकडे पाहिलं की पाटीकडे, हे आजही नक्की सांगता येत नाही. बहुधा पाटीकडेच. एकतीस वर्षं बांधकामांवर सुरक्षेचं काम करतोय, लोक मला पाटीमास्तर म्हणतात. या एका साइटवर मी दोनशे चौदा पाट्या लावल्यात. त्यातल्या 'वर पाहा' आणि 'खाली पाहा' या दोन एकाच खांबावर आहेत, आणि त्यावरून माझी यथेच्छ चेष्टा झालेली आहे.

टॅगची पद्धतही माझीच. भिंतीलगत उभ्या केलेल्या प्रत्येक लोखंडी परांचीच्या शिडीपाशी डोळ्यांच्या उंचीवर एक प्लास्टिकची चौकट. तिच्यावर कायमचा लाल पंजा आणि खाली 'चढू नका'. परांची तपासून झाली की चौकटीत हिरवं कार्ड सरकवायचं, म्हणजे लाल झाकलं जातं. परांचीत काही बिघडलं की कार्ड बाहेर घ्यायचं, लाल आपोआप दिसायला लागतं. ज्याला त्याला कार्ड सरकवायची घाई असते, म्हणून चौकटीला मी छोटं कुलूपही लावून घेतलं. कार्डाला हात लावायचा तो फक्त गेटालगतच्या टॅगखिडकीने, जिथून कार्डं मिळतात, दुसऱ्या कोणी नाही.

सात नंबरची परांची भिंतीपासून सुटून पुढे झुकली होती आणि तिच्या शिडीपाशी हिरवं कार्ड स्वच्छ, नवं कोरं दिसत होतं. कुलूप जागच्या जागी. पण तिथे लाल असायला हवं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी स्वतः तो टॅग काढायला सांगितलं होतं.

२

तपासणी खात्याची बाई दुपारी आली. एकटीच, पायात स्वतःचे झिजलेले सेफ्टी बूट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. गेटातून आत आल्यापासून ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत चालली. "हेल्मेट घाला." घातलेलंच होतं. "वाहनांना आधी जाऊ द्या." थांबली, वाहन नव्हतं, पुढे निघाली. "इथे थुंकू नये."

"सगळ्या वाचता?" मी विचारलं.

"लावलेल्या असतात म्हणून वाचते. तुम्ही लावल्यात ना?"

"हो."

"इथलं कोणी वाचतं?"

ती बरी बाई आहे, असं त्याच क्षणी वाटलं आणि तिचा रागही आला.

सातच्या शिडीपाशी तिने माझ्या किल्लीने चौकट उघडली आणि कार्ड चिमटीत धरून वाचलं. नंबर सात, शिक्क्याने. तारीख मंगळवारची, तीही शिक्क्याने. खाली परांचीच्या मुकादमाची सही. हाताने लिहिलेलं तेवढंच.

"मग सोपं आहे की," ती म्हणाली. "परांची सैल असताना मुकादमाने हिरवं कार्ड दिलं."

"त्यानेच तर परांची सैल असल्याचं कळवलं," मी म्हणालो. "काल मी रजेवर होतो. बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. चार वाजता मुकादमाचा फोन आला, की खिडक्या बसवणाऱ्याने सातचे भिंतीकडचे दोन क्लॅम्प सोडलेत, परांची हलतेय. मी दवाखान्यातूनच टॅगखिडकीला फोन लावला. समोर 'शांतता राखा' अशी पाटी होती, म्हणून हळू आणि थोडक्यात बोललो. सातचा टॅग काढ, लगेच."

"एवढंच?"

"आणखी काय लागतं?"

तिने ते माझ्या शब्दांत जसंच्या तसं उतरवून घेतलं. मग चष्मा छातीवर सोडून म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी माझा अहवाल जातो. तोवर दुसरं नाव मिळालं नाही तर सहीचं नाव जाईल. पुढचं पोलीस बघतील."

मुकादम आणि मी वीस वर्षं एकत्र काम करतोय. गाठ मारली की ती पुन्हा एकदा ओढून बघणारा माणूस. त्याच्या नावाचा कागद पोलिसांकडे जाणार, हे मला पटेना.

"टॅगखिडकीवर कोण बसतं?" बाईने विचारलं.

"माझी भाची," मी म्हणालो.

३

मुकादम बाईसमोर बसला नाही, उभाच राहिला.

"सही माझीच आहे. पण ते कार्ड मी भरलेलं नाही."

"मग सही आली कुठून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं ते पाहणं होतं. मी मान हलवली.

"दर सोमवारी मी वीस कोऱ्या कार्डांवर सह्या करून खिडकीवर देतो. दिवसभर मी वर, हाताला ग्रीस. एकेका कार्डासाठी कुठे खाली उतरणार? मी वरून परांची बघून फोनवर सांगतो, ताई शिक्के मारून कार्ड लावतात."

"तुम्हाला हे माहीत होतं, मास्तर?"

"होतं." साइटवर सगळ्यांनाच माहीत होतं. काम चालावं म्हणून डोळ्यांवर कातडं ओढायचं असतं ते असंच, रोज थोडं थोडं.

"काल परांची सैल दिसली तेव्हा तुम्ही स्वतः कार्ड का बाहेर घेतलं नाही?"

"कार्डाला हात लावायचा नाही, असा मास्तरांचा नियम. मी फोन केला. मास्तर म्हणाले, बघतो. मास्तर बघतो म्हणाले म्हणजे झालं. मी माणसं घेऊन पुढच्या बाजूला गेलो." मग तो म्हणाला, "सकाळी त्याचं गाणं मला ऐकू येत होतं. मागच्या बाजूने येतंय, हे डोक्यातच आलं नाही."

खिडक्या बसवणाऱ्याने काही लपवलं नाही. खिडकीच्या आड क्लॅम्प येत होते, ते सोडले, मुकादमाला सांगितलं, घरी गेला. "सांगितलं नसतं तर गोष्ट वेगळी," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

राहिला प्लास्टरचा ठेकेदार. त्याला सगळे आटपाशेठ म्हणतात. 'आटपा, आटपा' याखेरीज त्याला कोणी दुसरं बोलताना ऐकलेलं नाही. मागची भिंत शुक्रवारपर्यंत पुरी करायची म्हणून तो आठवडाभर सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. मंगळवारी दुपारी तो टॅगखिडकीशी घुटमळताना पहारेकऱ्याने पाहिला होता.

"मी पाणी प्यायला गेलो होतो," आटपाशेठ म्हणाला. पाण्याचा नळ खिडकीच्या बरोबर उलट्या टोकाला आहे.

बाईने त्याला खिसे रिकामे करायला सांगितले. रुमाल निघाला, टेप निघाली, आणि टेबलावर टणकन पडली ती चौकटीच्या कुलपाची किल्ली.

४

या किल्ल्या तीनच. एक माझ्याकडे, ती मंगळवारी माझ्याबरोबर दवाखान्यात होती. दुसरी टॅगखिडकीवर. तिसरी साइट मॅनेजरच्या केबिनमध्ये खिळ्याला. आटपाशेठच्या खिशातली ती तिसरी.

माझ्या डोक्यात सगळं फटाफट जुळलं. भाची टॅग काढायला सातकडे गेली, खिडकी दहा मिनिटं रिकामी, शिक्के टेबलावर, सह्या केलेली कार्डं शेजारी. आटपाशेठने कार्डावर शिक्के मारले आणि नंतर जाऊन चौकटीत सरकवलं. मी हे बाईला एका दमात सांगितलं. आटपाशेठचा चेहरा भिंतीच्या गिलाव्यासारखा झाला.

"आधी भाचीला भेटू," बाई म्हणाली.

टॅगखिडकी म्हणजे पत्र्याची खोली. एक टेबल, दोन शिक्के, एक रजिस्टर, आणि जुन्या कार्डांचा डबा. भाची नऊ वर्षं तिथे बसतेय. माझी बहीण गेली तेव्हा ती इयत्ता चौथीत होती, तेव्हापासून ती आमच्याकडेच. मुदत संपलेलं प्रत्येक कार्ड ती परत आणते आणि त्याच्या कोपऱ्याला पंचने भोक पाडून डब्यात टाकते, कोणी पुन्हा वापरू नये म्हणून. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.

"मंगळवारी चारला मामांचा फोन आला होता?" बाईने विचारलं.

"आला होता," मीच म्हणालो. "मी सांगितलं ना, टॅग—"

"तुम्ही नका बोलू, मास्तर. तिला बोलू दे."

भाची टेबलाच्या कडेकडे बघत होती. "मी टॅग काढला. चार वीसला. रजिस्टरात आहे."

रजिस्टरात होतंच. तिच्या गोल अक्षरात: परांची सात, काढला, ४.२०. मी ती ओळ बाईला बोटाने दाखवली. माझ्या पोरीने आपलं काम चोख केलं होतं, हे मला त्या ओळीत दिसत होतं.

बाईने ओळीकडे फारसं पाहिलं नाही. तिने डब्यातली कार्डं चाळली. सात नंबरचं एकच जुनं कार्ड होतं, मुदत मंगळवारी संपणारी, कोपरा पंच केलेला. मग तिने सही केलेली कोरी कार्डं मोजली. अकरा.

"सोमवारी वीस. म्हणजे नऊ गेली," ती म्हणाली. "आठवडाभरात नवी कार्डं किती परांच्यांना लागली?"

"सात धरून नऊ," भाची म्हणाली.

"आठ हिने लावली, नववं चोरीला गेलं," मी म्हणालो.

"असेल," बाई म्हणाली, आणि रजिस्टर काखेत मारून चालायला लागली. मी वळून पाहिलं तर भाचीने खिडकीचा पत्रा खाली ओढला होता, पाच वाजायला अजून अवकाश असताना.

५

शुक्रवारी सकाळी मॅनेजरने आटपाशेठला सोडवलं आणि मी जुळवलेलं सगळं मोडून पडलं.

"मंगळवारी तीनपासून मी मुख्य ऑफिसात होतो," मॅनेजर म्हणाला. "केबिनला कुलूप, चावी माझ्या खिशात. बुधवारी नऊला येऊन उघडली. खिळ्यावर किल्ली तेव्हा होती, कारण मी टोपी त्याच खिळ्याला लावतो आणि ती किल्लीवर अडकते."

म्हणजे आटपाशेठला किल्ली मिळाली ती रेडिओ पडल्यावर. बाईने त्याला परत बोलावलं. पाच मिनिटांत तो रडकुंडीला आला.

"कार्ड बाहेर घ्यायचं होतं, बाई. लाल दिसलं असतं. मग म्हणता आलं असतं की चेतावणी होती, तरी तो आपल्या मर्जीने चढला." त्याने नाक पुसलं. "जमलं नाही. तिथे गर्दी होती. आणि एक जण रेडिओची थापी हातात घेऊन बसला होता, त्याने माझ्याकडे पाहिलं."

"मंगळवारी खिडकीशी काय करत होता?"

"सातची मुदत संपत आली होती. नवा टॅग कधी मिळणार ते विचारायला गेलो होतो. ताई म्हणाल्या, मुकादमाचा होकार आला की देते. मी परत गेलो."

असल्या माणसाला चार शिव्या हासडाव्यात असं वाटतं, आणि त्याच वेळी कळतं की हा चोर तर नाहीच, साधा घाबरलेला माणूस आहे.

तो गेल्यावर बाईने तीन बोटं वर केली आणि एकेक मिटलं. "तुमची किल्ली दवाखान्यात. मॅनेजरची कुलपात." तिसरं बोट तसंच राहिलं.

"नाही," मी म्हणालो. "ती का करेल असं? तिचं त्या भिंतीशी काय देणंघेणं?"

"काहीच नाही. म्हणूनच तर. मास्तर, जो कपटाने कार्ड बदलेल तो जुनं कार्ड गटारात टाकेल. हे कार्ड परत आलंय, कोपरा पंच होऊन डब्यात पडलंय. ज्याने बदललं, त्याला आपण रोजचं काम करतोय असं वाटत होतं." तिने रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. "वाचा."

"सातची ओळ मी वाचलीय."

"पूर्ण आठवडा वाचा. मोठ्याने."

६

मी वाचायला लागलो. या रजिस्टरावर दर शनिवारी खाली माझी सही असते. सही केली की मी पान उलटतो. वाचायची वेळ ती पहिलीच.

"सोमवार. परांची दोन, काढला. परांची तीन, काढला. परांची पाच, काढला."

"थांबा. सोमवारी या तिन्ही परांच्या बंद केल्या होत्या?"

"छे. चालूच आहेत. हे नवीन कार्ड दिल्याचं—"

मी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं.

"पुढे," बाई म्हणाली. आवाज चढवला नाही.

"परांची आठ, काढला. परांची अकरा, काढला." माझं बोट ओळीवरून घसरत होतं. "मंगळवार. परांची सात, काढला." बाकीच्या तीन ओळींतही तोच शब्द होता.

"नऊ ओळी, नऊ कार्डं. चोरीला काही गेलेलंच नाही." तिने दोन महिने मागचं पान उघडलं. "इथे परांची तीनच्या फळ्या बदलायच्या होत्या म्हणून बंद केली होती. काय लिहिलंय?"

भाचीचं तेच गोल अक्षर. परांची तीन, उतरवला.

"तिच्याकडे दोन शब्द आहेत," बाई म्हणाली. "माणसं खिडकीशी येतात आणि म्हणतात, टॅग काढून द्या. पास काढतात, तिकीट काढतात, तसा टॅग काढतात. बंद करायचा असला की ती म्हणते उतरवला. आणि तुम्ही पाटीवाले. तुमच्यात खांबावरची पाटी खाली आणायची असली की काय म्हणतात?"

"पाटी काढ," मी म्हणालो.

"आणि मंगळवारी सातची मुदत संपत होती."

मला दवाखान्याची ती ओसरी दिसली. ओठांवर बोट ठेवलेली परिचारिका आणि खाली 'शांतता राखा'. मी पाट्या पाळणारा माणूस. दोन क्लॅम्प सुटलेत, परांची हलतेय, कोणी चढू नये, हे सगळं माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं, कारण भिंतीवर पाटी होती. सातचा टॅग काढ, लगेच. आणि पोरीने लगेच काढला.

खोलीत बसवेना म्हणून मी बाहेर आलो. बाहेर सगळीकडे माझ्याच पाट्या होत्या.

७

संध्याकाळी घरी आलो तेव्हा भाची मामीच्या डोळ्यावरची पट्टी उचलून थेंब घालत होती. मामीचा दुसरा डोळा मिटलेला. मी आल्याचं बायकोला पावलांवरून कळलं. साइटवरचं तिला आम्ही काही सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरात मी दार लोटून घेतलं. "तुला कधी कळलं?"

तिने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. "लोखंडाचा आवाज आला तेव्हाच."

"आणि तीन दिवस गप्प राहिलीस?"

"मी खोटं एक अक्षर बोलले नाही, मामा. काढला म्हणाले. काढलाच होता." भांड्याचं झाकण ती उगाचच इकडचं तिकडे करत होती. "पुढचं बोलले असते तर बाईंनी विचारलं असतं, मुकादमाचा होकार आला होता का. मी म्हणाले असते, नाही, मामांचा फोन आला. मग मामा काय म्हणाले, ते आलं असतं."

"तुला मला विचारावंसं नाही वाटलं? काढ म्हणजे काय म्हणून?"

"काय विचारायचं? मुदत त्याच दिवशी संपत होती. मला वाटलं, मामींचं ऑपरेशन चाललंय आणि तरी मामांना सातची तारीख लक्षात आहे. कौतुक वाटलं मला तुमचं."

एकतीस वर्षांत मला कोणी एवढं लागेल असं बोललेलं नाही, आणि ती तर मला लागावं म्हणून बोललीच नव्हती.

"आटपाशेठवर आलं तेव्हाही गप्प बसलीस."

"बसले," ती म्हणाली. "दोन रात्री झोप नाही मला."

"उद्या मी सांगणार आहे. चूक माझी आहे. फोन माझा, शब्द माझा."

"नका सांगू. मामींकडे कोण बघेल?"

आतून बायकोचा आवाज आला, "अगं, काय कुजबुज चाललीय? पट्टी कधी काढायचीय म्हणाले डॉक्टर?"

भाचीने झाकण ठेवलं आणि उत्तर दिलं, "सोमवारी, मामी. सोमवारी काढणार."

८

शनिवारी अकराला मी बाईपुढे बसून सगळं सांगितलं. तिने एक शब्दही मध्ये न बोलता लिहून घेतलं. मग भाचीला आत बोलावलं, तेव्हा मला बाहेर जायला सांगितलं नाही.

"मामा म्हणतात, त्यांनी तुला फोनवर टॅग काढायला सांगितलं. तू चुकीचा अर्थ घेतलास."

"मामांनी टॅगचं काहीच सांगितलं नाही," भाची म्हणाली. "फोनवर मामींच्या डोळ्याचं बोलणं झालं. सातची मुदत संपत होती, मी मुकादमांना न विचारताच नवा काढला. माझी चूक आहे."

"खोटं बोलतेय ही," मी उठलो. "मला वाचवायला."

"मामाच खोटं बोलतायत. मला वाचवायला." आणि ती रडायला लागली, अगदी लहानपणी रडायची तशी, आवाज न करता.

बाईने तिला बाहेर पाठवलं आणि फॉर्म माझ्याकडे वळवला. "हे बघा. कार्ड कोणी लावलं. सही कोणाची. दोनच रकाने आहेत, मास्तर. फोनवर काय शब्द बोलला, याला रकाना नाही. फोन झाला एवढं फोनची कंपनी लिहून देईल, बोलणं कोणी ऐकलेलं नाही. बोलणाऱ्या दोघांची जबानी उलटी, आणि तुम्ही तिचे मामा. तुमचं कोण खरं धरणार?"

"तुम्ही धरता?"

"मी पहिल्या दिवसापासून तुमचंच वाक्य घेऊन फिरतेय. मला माहीत आहे." तिने चष्मा पुसला. "माझ्या माहीत असण्याचा तुम्हाला उपयोग नाही, आणि मलाही नाही."

"मग माझं नाव कुठेच नाही?"

"आहे की. शेवटच्या पानावर, माहिती देणारा."

तिने पहिल्या रकान्यात भाचीचं नाव लिहिलं. मुकादम सहीच्या रकान्यात राहिला, पण कोऱ्या कार्डांपुरता, त्याच्यावर आता फक्त काही दिवस कामावरून दूर राहण्याची वेळ होती. बाहेर पडताना तो मला दारात भेटला. सुटल्याचं त्याला तोंडावर दाखवता येईना. त्याने माझा हात धरला आणि लगेच सोडून दिला.

जाताना बाई गेटापर्यंत एकही पाटी न वाचता गेली.

९

रविवारी मी साइटवर एकटाच होतो. दोनशे पंधरावी पाटी मी स्वतः रंगवली आणि टॅगखिडकीच्या वर ठोकली. 'टॅग काढ असे म्हणू नये. लाव किंवा उतरव असेच म्हणावे.' अक्षरं मोठी केली. ठोकून झाल्यावर खाली उभं राहून ती मोठ्याने वाचली. ऐकायला कोणी नव्हतं.

सोमवारी सकाळी बायकोची पट्टी काढायची होती आणि त्याच सकाळी भाचीला चौकीवर हजर व्हायचं होतं. बायकोला दवाखान्यात पोचवून मी साइटच्या गेटालगत टॅगखिडकीशी परत आलो, कारण भाचीला तिची डब्याची पिशवी खिडकीतून घ्यायची होती. तिच्यासाठी केलेले वकील रस्त्यापलीकडे उभे होते. जामीन होईल म्हणाले, पण खटला होणार, आणि माणूस गेलाय, तेव्हा शिक्षा चुकणार नाही. दोन वर्षं, कदाचित तीन.

पिशवी घेऊन ती बाहेर आली. वर पाहून तिने नवी पाटी वाचली. दोनदा वाचली असावी, कारण बराच वेळ उभी होती.

"चांगली आहे," ती म्हणाली. "अक्षर नीट आलंय."

"पोरी, मी वरच्या कोर्टात जाईन. मी पुन्हा सांगेन त्यांना. माझं ऐकायला लावेन."

"नका, मामा. दमाल तुम्ही." तिने माझ्या शर्टावर उडालेला लाल रंग नखाने खरवडून बघितला. तो वाळला होता, निघाला नाही. "मामींना दुपारचे थेंब विसरू नका. आणि माझी काळजी करू नका. दोन-तीन वर्षांचंच तर आहे. काढीन मी."

ती रस्ता ओलांडून गेली. मागून कोणीतरी टॅगखिडकीशी येऊन म्हणालं, "मास्तर, अकराचा टॅग काढायचाय." मी वळून त्याला पाटी दाखवायला हवी होती. मला वळता आलं नाही.